संगणक कक्षाचे पूर्वज

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या माध्यमिक शाळेत एक खोली लांबूनच ओळखू येते. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग, खिडक्यांना पडदे, दाराला दुहेरी कुलूप आणि आत भिंतीला लागून ओळीने मांडलेले संगणक. तास नसला की त्यांच्या अंगावर कव्हरे असतात, प्लॅस्टिकची नाहीतर शिंप्याकडून शिवून आणलेली. तास सुरू झाला की एकेका यंत्रासमोर तिघेतिघे बसतात. एकाच्या हाती माऊस, दुसऱ्यापुढे की-बोर्ड आणि तिसरा मान वाकडी करून बघणारा. तास संपेपर्यंत तिसऱ्याची पाळी येतेच असे नाही.

या खोलीत मुले नेमके काय शिकतात, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून विचारला जातो आणि त्याचे खापर कधी शिक्षकांवर, कधी विजेवर, कधी अभ्यासक्रमावर फुटते. मला वाटते, आधी या खोलीची वंशावळ पाहावी. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक रीत कुठल्या तरी पूर्वजाकडून आलेली आहे आणि त्या पूर्वजांतल्या काहींचा तर संगणकाशी काडीचाही संबंध नव्हता.

चपलांचेच घ्या. शाळेत येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडचे संगणक संशोधन संस्थांत आणि मोठ्या कार्यालयांत राहत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये कामाला लागलेला टिफ्रॅक हा देशी संगणक निर्वात नळ्यांवर चालायचा. असल्या यंत्रांना गारवा लागे. पुढच्या काळात चुंबकीय फिती आणि फ्लॉपी आल्या, त्यांना धूळ सोसत नसे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या पाकिटाला तर एक खाच उघडीच असायची आणि तिच्यावर बोट लागले तरी आतला मजकूर जाण्याची भीती. म्हणून थंड दालन, बंद खिडक्या, मोजकी माणसे आणि पायताण बाहेर. हार्ड डिस्क डबाबंद झाली, फ्लॉपी इतिहासजमा झाली, पण नियम उरला. गंमत अशी की, मुलांच्या मनावर या खोलीचा पहिला धडा त्या नियमानेच कोरला: हे यंत्र नाजूक आहे, ते आपले नाही आणि बिघडले तर भरून द्यावे लागेल. मोडतोड करून शिकायच्या वयात हा धडा फार महागात पडतो.

दुसरा पूर्वज शाळेबाहेरचा. एसटी स्टँडच्या आसपास, बहुधा एखाद्या वाड्याच्या माडीवर असलेली टायपिंग इन्स्टिट्यूट. लोखंडी टेबलांवर रेमिंग्टनची नाहीतर गोदरेजची यंत्रे. गोदरेजने 1955 मध्ये देशी टाइपरायटर बाजारात आणला आणि पुढे त्यांचा कारखाना आपल्या शिरवळला होता, 2009च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत. मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी मुले-मुली तासाच्या बोलीवर तिथे जात. पहिले कित्येक दिवस एकच ओळ: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पानभर, दुसरे पान, तिसरे पान. करंगळीत बळ नसल्यामुळे ए अक्षर कायम फिकट उमटायचे आणि सर पान उजेडाकडे धरून नेमके तेच दाखवायचे. बघून टाइप केलेले चालत नसे, म्हणून काही ठिकाणी बटणांवरची अक्षरेच झाकलेली असत. मग महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द, स्पीडचा उतारा, लेटर, स्टेटमेंट. प्रमाणपत्र हाती पडले की एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर एक नोंद वाढायची.

या क्लासला नावे ठेवायची माझी इच्छा नाही. काय शिकवायचे, किती वेळात आणि ते आले की नाही हे कसे ओळखायचे, याबद्दल त्याच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. प्रत्येकाला तासभर स्वतंत्र यंत्र मिळायचे, आणि ही चैन पुढच्या संगणक कक्षाला क्वचितच परवडली. पण त्याने एक वारसा मागे ठेवला. यंत्र शिकायचे ते प्रमाणपत्रासाठी, प्रमाणपत्र नोकरीसाठी, आणि यंत्राने काय करायचे हे साहेब ठरवणार. टंकलेखकाने मजकूर लिहायचा नसतो, उतरवायचा असतो. शाळेत संगणक आला तेव्हा पालकांच्या डोळ्यांसमोर हाच नमुना होता, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी यंत्रामुळे नोकरी लागलेली माणसे पाहिली होती ती याच माडीवरून उतरलेली.

शाळेच्या आत मात्र आणखी एक जुनी गोष्ट वाट पाहत होती, ती म्हणजे वेळापत्रकातली जागा. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या भोवती सगळे शिक्षण गुंफायची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. सूत कातता कातता गणित, कापसाच्या निमित्ताने भूगोल आणि व्यापार. स्वातंत्र्यानंतर शाळाशाळांत टकळी पोहोचली, पण तिच्याभोवतीचे गणित आणि भूगोल वाटेतच गळाले. उरला फक्त सुताचा तास. कोठारी आयोगाने 1964 ते 66 मध्ये कार्यानुभव सुचवला, 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य. नावे बदलत गेली. शाळेतला त्याचा दर्जा मात्र एकच राहिला: खडू तयार करणे, मेणबत्त्या, कागदी फुले, आणि शेवटी प्रगतिपुस्तकात एक श्रेणी. गणिताच्या सरांचा पोर्शन मागे पडला की ते ज्या तासाला हात घालत, तो हा तास.

संगणकाला वेळापत्रकात जागा मिळाली ती याच शेजारात. नववी-दहावीला माहिती संप्रेषण तंत्रज्ञान हा विषय आला, तोही श्रेणीचा. टक्केवारीत धरला न जाणारा विषय मुलाने, पालकाने आणि शाळेने किती मनावर घ्यायचा, हे आपल्याकडे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता खुद्द यंत्राकडे. भारतातल्या शाळांत संगणक पद्धतशीरपणे आला तो 1984-85 मध्ये, क्लास या नावाच्या केंद्रीय प्रकल्पातून. इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि शिक्षण मंत्रालय यांनी मिळून सुमारे 250 शाळा निवडल्या आणि त्यांना इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे यंत्र दिले. हे यंत्र का, याची कथा सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने 1980च्या सुमारास ठरवले की, सामान्य माणसाला संगणक समजला पाहिजे. त्यासाठी त्यांनी जानेवारी 1982 पासून दूरचित्रवाणीवर मालिका दाखवली, पुस्तक काढले आणि मालिकेत दाखवलेले घरी करून पाहता यावे म्हणून यंत्रही बनवून घेतले. मॉडेल बी या यंत्राची स्मृती होती 32 किलोबाइट. आजच्या फोनवर काढलेला एक साधा फोटो त्यात मावणार नाही. चालू केले की ना चित्रे, ना खिडक्या. काळ्या पडद्यावर एक बाणासारखे चिन्ह आणि शेजारी लुकलुकणारी आडवी रेघ. त्याला काहीतरी सांगितल्याशिवाय ते काहीच करत नसे, आणि सांगायचे ते बेसिक भाषेत. म्हणजे यंत्र वापरणे आणि प्रोग्राम लिहिणे यांत त्या काळी भिंत नव्हती. दहा नंबरच्या ओळीत नाव छापायला सांगायचे, वीसच्या ओळीत पुन्हा दहावर जायला सांगायचे, की पडदाभर स्वतःचे नाव धो-धो पडत राही. ते थांबवायचे कसे, हा दुसरा धडा.

आपल्याकडे यंत्रे आली, पण त्यांच्याभोवतीचा तो सगळा संसार आला नाही. सोबतचे साहित्य ब्रिटिश शाळांसाठी बेतलेले, सगळे इंग्रजीत. शिक्षकांचे प्रशिक्षण काही आठवड्यांचे. यंत्रे इतकी थोडी की संगणक शाळेच्या वेळेनंतरचा छंद होऊन बसला. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेपासूनच मोठ्या प्रमाणावर संगणक साक्षरता आणण्याची भाषा आली. पण तोवर ते यंत्रच कालबाह्य व्हायला लागले होते. नव्वदच्या दशकात पीसी आले आणि खोलीने नवे सामान घेतले. पुढेही हे असेच चालत आले आहे. खरेदी होते, कव्हरे शिवली जातात, आणि शिक्षक सरावतो आहे तोवर यंत्र जुने होते.

याच सुमारास दारातून एक कासव आत आले. त्याच्यापाशी जरा रेंगाळायला हवे. गणितज्ञ सेमूर पेपर्ट हे जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम करून अमेरिकेत गेले. तिथे त्यांनी वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आदी सहकाऱ्यांसोबत 1967 मध्ये लोगो ही मुलांसाठीची भाषा तयार केली. पुढे तिला जोडून जमिनीवर चालणारा, पेन धरलेला एक छोटा यंत्रमानव आला, त्याचे नाव कासव. नंतर ते पडद्यावर गेले. फॉरवर्ड 100 म्हटले की शंभर पावले पुढे, राइट 90 म्हटले की काटकोनात वळण. चौकोन सगळ्यांना चटकन जमतो. मजा येते समभुज त्रिकोणात. आठवीचे मूल भूमितीत शिकलेले असते की, त्याचा प्रत्येक कोन 60 अंशांचा. म्हणून ते फॉरवर्ड 100, राइट 60 असे तीनदा लिहिते आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी एक उघडीच आकृती उरते, अर्ध्या षटकोनासारखी. मूल पुन्हा आकडे तपासते. आकडे बरोबर असतात. मग कुणीतरी उठून वर्गात प्रत्यक्ष चालून बघते: कोपऱ्यावर आले, आता किती वळायचे? तेव्हा ध्यानात येते की कासव वळते ते बाहेरच्या कोनाने, म्हणजे 120ने. आणि मग तीन वेळा 120 म्हणजे 360, चार वेळा 90 म्हणजेही 360. कुठल्याही बहुभुजाला पूर्ण फेरी मारली की कासव एक गिरकी पूर्ण करते. बाह्यकोनांच्या बेरजेचे प्रमेय पाठ केलेल्या कितीजणांना ते असे अंगात भिनलेले असते?

पेपर्ट यांचे माइंडस्टॉर्म्स हे पुस्तक 1980 मध्ये आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की संगणकाने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावे, आणि चुकलेला प्रोग्राम म्हणजे नापास झालेला प्रोग्राम नसून दुरुस्तीला आलेला प्रोग्राम असतो. आपल्या खोलीत लोगो आले खरे, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांच्या पाठ्यपुस्तकांत, पण ते पाव्हणे म्हणूनच राहिले. पुस्तकात आज्ञांची यादी आली, परीक्षेत 'आरटी म्हणजे काय' असा प्रश्न आला. कासवाला उत्तरपत्रिकेत बांधून घातले, की त्याच्यात शिकण्यासारखे काही उरत नाही.

हे बांधून घालायचे काम केले त्या पूर्वजाने, ज्याच्यावरून या खोलीला 'लॅब' म्हणतात. विज्ञानाच्या प्रयोगशाळेने दिले कुलूप, साठा नोंदवही आणि जर्नल. प्रयोग क्रमांक, उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. रसायनशास्त्रात याला अर्थ होता. संगणकाच्या जर्नलमध्ये मुले 'साहित्य: संगणक, की-बोर्ड, माऊस' असे लिहितात आणि समोरच्या कोऱ्या पानावर पट्टीपेन्सिलने मॉनिटरची आकृती काढून भागांना नावे देतात. सीपीयूचे पूर्ण रूप, संगणकाचे जनक, संगणकाच्या पिढ्या. यंत्रे कमी आणि मुले साठ, म्हटल्यावर शिक्षकाने वर्गात फळ्यावर शिकवण्याजोगे जे होते ते शिकवले. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळे काय केले असते, सांगता येत नाही.

एकविसावे शतक उजाडताना माडीवरची टायपिंग इन्स्टिट्यूट नव्या रूपात परतली. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. मराठीतून शिकता येईल, तालुक्याच्या गावी करता येईल असा हा पहिलाच मोठा उपक्रम, आणि त्याचे ते श्रेय कुणी काढून घेऊ नये. दहावीची परीक्षा झाली की सुट्टीत एमएस-सीआयटी, हे मराठी घरांत ठरूनच गेले. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागले. आधीपासून नोकरीत असलेल्यांपैकी मुदतीत उत्तीर्ण न झालेल्यांच्या वेतनवाढीवर गदा आली. मग पन्नाशीचे गुरुजी आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या शेजारी बसून तक्ता तयार करायला शिकले. पण मुलांच्या दृष्टीने याचा एक परिणाम असा झाला, की जे शाळेत यायला हवे ते शाळेबाहेर, सुट्टीत, फी भरून शिकायचे असते ही समजूत पक्की झाली. शाळेच्या खोलीवरचे ओझे उतरले.

त्यातच केंद्राची शाळांतल्या माहिती तंत्रज्ञानाची योजना आली, डिसेंबर 2004 मध्ये, पुढे 2010 मध्ये सुधारलेली. अनेक राज्यांत, महाराष्ट्रातही, ती बांधा-वापरा-हस्तांतरित करा या पद्धतीने राबवली गेली. कंपनीने खोलीत संगणक बसवायचे, आपला शिक्षक नेमायचा, पाच वर्षे चालवायचे आणि मग सगळे शाळेच्या स्वाधीन करून निघून जायचे. रस्त्यांसाठी ही पद्धत ठीक असेल. इथे झाले असे, की पाच वर्षांनी यंत्रे शाळेकडे राहिली आणि ती चालवणारा माणूस करार संपून बाहेर पडला, बऱ्याचदा आझाद मैदानावर उपोषणाला.

केरळने उलटा रस्ता धरला. 2001च्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पात त्यांनी बाहेरचे संगणक शिक्षक आणण्यापेक्षा गणित, विज्ञान, भाषा शिकवणारे शाळेतलेच शिक्षक तयार केले, आणि हळूहळू सगळ्या शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. दहावीच्या परीक्षेत आयटी सक्तीचे केले आणि त्यात प्रात्यक्षिक घेतले, तेही यंत्रावर बसून. 2018 पासून तिथे मुलांची लिटल काइट्स नावाची मंडळे आहेत, आणि शाळेतली यंत्रे नीट चालती ठेवण्यातही ती मुले हात देतात. ज्या यंत्राला हात लावायची भीती होती, ते मुलाच्या हाती दिले गेले. मला यात तंत्रज्ञानापेक्षा वंशावळ बदलण्याचे धाडस मोठे वाटते.

शिक्षकच काढून टाका, असे म्हणणारेही होऊन गेले. सुगत मित्रा यांनी जानेवारी 1999 मध्ये दिल्लीच्या कालकाजीत कार्यालयाच्या भिंतीत संगणक बसवला आणि पलीकडच्या वस्तीतली मुले आपापली शिकली, ही गोष्ट जगभर गाजली. तसली केंद्रे आपल्या सिंधुदुर्गातही झाली आणि तिथल्या आठवीच्या मुलांना न शिकवता शाळेचा संगणकाचा पेपर कितपत जमतो, याचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. मुलांना बरेच जमले. त्यावरून मुले हुशार आहेत असेही म्हणता येते आणि पेपर फार काही विचारत नव्हता असेही. 2007 मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लॅपटॉप मिळाले, प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देणाऱ्या जागतिक प्रकल्पातले. त्यात पेपर्ट यांचे कासव होते, चित्रमय ठोकळ्यांच्या रूपात. त्याच वर्षी स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषाही आली, पेपर्ट यांच्याच परंपरेतली. आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटर मस्ती ही पाठ्यपुस्तके याच काळात लिहायला घेतली. बटणे कुठली दाबायची यापेक्षा काम पायरीपायरीने कसे फोडायचे यावर त्यांचा भर. चांगली पुस्तके आहेत. श्रेणीच्या तासात ती मावत नाहीत, एवढेच.

आणि एक पूर्वज असा, की जो या खोलीला लाभायला हवा होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून ते तिथे गेले होते. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग करायची, वायरिंग करायची, भूगर्भाचा विद्युतरोध मोजून विहिरीची जागा सुचवायची, आणि गावकरी त्याचे पैसे द्यायचे. हिशेब ठेवायचा तर संगणकावर ठेवायचा, कारण हिशेब खरा होता. या अनुभवातून मूलभूत तंत्रज्ञान हा माध्यमिक शाळांसाठीचा अभ्यासक्रम तयार झाला आणि राज्यातल्या कितीतरी शाळांनी तो घेतला. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅब या कार्यशाळेचे मायदेशाबाहेरचे सुरुवातीचे ठाणे याच पाबळला झाले. वर्ध्याची कल्पना जशी होती तशी, गणितासकट, जिवंत राहिली ती इथे. पण पाबळच्या कार्यशाळेत आणि शाळेच्या संगणक कक्षात एक भिंत कायम राहिली.

आता फोन आला आहे आणि कक्ष ओस पडत चालला आहे. असर या सर्वेक्षणाने 2023 मध्ये 26 राज्यांतल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींना फोनवर कामे करायला लावली: गजर लाव, माहिती शोध, नकाशावर रस्ता काढ, व्हिडिओ शोधून पाठव. फोन वापरता येतो असे जवळजवळ नव्वद टक्क्यांनी सांगितले. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के, मुली 19.8 टक्के. तिघांत एक यंत्र होते तेव्हा माऊस कुणाच्या हाती असायचा, ते आठवले की हा आकडा नवा वाटत नाही.

2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. दहावीचा निकाल लागला की मुले अर्ज भरायला निघतात, बहुतेक एसटी स्टँडच्या आसपासच. तिथल्या दुकानाच्या पाटीवर संगणक टायपिंग, एमएस-सीआयटी, झेरॉक्स, पॅन कार्ड, महाडीबीटी शिष्यवृत्ती अशी सगळी कामे एकाखाली एक लिहिलेली असतात. मुलगी खुर्चीमागे उभी राहते आणि दुकानातला दादा विचारतो ते सांगत जाते: आईचे नाव, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, पसंतीची दहा कॉलेजे. मार्कशीट स्कॅन होते, फाइल मोठी पडते, दादा ती दोन क्लिकमध्ये लहान करतो. ओटीपी वडिलांच्या फोनवर येतो, म्हणून वडिलांना फोन लावावा लागतो. पासवर्ड दादाच ठरवतो आणि लॉगिन आयडीसकट आपल्या वहीत तिच्या नावापुढे लिहून ठेवतो, कारण पुढच्या फेरीला ती पुन्हा इथेच येणार असते. शाळेत संगणकाच्या तासाला तिला अ श्रेणी मिळालेली असते.